भरतीचा दिवा

कोंकणच्या किनाऱ्यावर, मुरूडच्या दक्षिणेस, राजपुरीची खाडी समुद्रास मिळते. खाडीच्या मुखाशीं जंजिऱ्याचा जलदुर्ग, आंतल्या बाजूस उत्तर तीरावर आगरदांडा आणि समोरच्या तीरावर दिघी, अशी येथील मांडणी आहे. आगरदांड्याच्या धक्क्यावरून माणसें व मोटारी वाहून नेणारी लोखंडी फेरीबोट दिघीस जाते आणि त्याच पाण्यावर लहानमोठ्या होड्याहि हेलकावे खात असतात. लोखंडी बोटीचा पत्रा न् पत्रा नकाशाबरहुकूम कापलेला असतो. उलट, कोंकणांतील जुने होडी बांधणारे कारागीर कागदी नकाशावांचून, नजरेच्या अंदाजानें आणि हातच्या मापानें काम करीत आले आहेत. होडीचें अंग नितळ झालें कीं नाहीं, हें पाहण्याची जगभरच्या अशा कारागिरांची जुनी रीत फार सोपी आहे. एक लांब, लवचीक लांकडी पट्टी फांसळ्यांवरून वांकवून धरावी, तिच्या कडेनें नजर फिरवावी, आणि जेथें तिला पोक किंवा खळगा दिसेल तेथें लांकूड तासावें. पट्टीला जें वळण रुचत नाहीं, तें पाण्यालाहि रुचत नाहीं.

हीच पट्टी आज संगणकाच्या पोटांत जाऊन बसली आहे, असें सांगितलें तर कोणालाहि नवल वाटेल. पण तें अक्षरशः खरें आहे. मोठ्या गोद्यांमध्यें जहाजाची आकृति प्रशस्त माळ्यावर पूर्ण मापानें रेखाटीत असत. त्या वेळीं लवचीक पट्टी शिशाच्या वजनांनीं जागोजाग दाबून धरीत आणि तिच्या कडेनें रेघ ओढीत. या पट्टीस इंग्रज कारागीर ‘स्प्लाइन’ म्हणत. १९४६ सालीं शेनबर्ग नांवाच्या गणितज्ञानें हेंच नांव एका विशिष्ट जातीच्या वक्ररेषांना दिलें. पुढें फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांत, सित्रोएनमध्यें १९५९ च्या सुमारास द कास्तेल्जो यानें आणि रेनोमध्यें १९६० नंतरच्या दशकांत बेझिए यानें, वांकदार पत्रा अंकांनीं कसा सांगावा याची रीत बसविली.

ती रीत पेन्सिल घेऊन घरींहि करून पाहतां येते. कागदावर चार बिंदु मांडावे आणि क्रमानें जोडावे. तीन रेघा होतील. प्रत्येक रेघेचा मध्य काढून ते तीन मध्य जोडावे. दोन रेघा होतील. त्या दोहोंचे मध्य जोडावे. एकच रेघ उरेल. तिचा मध्य हा एका नितळ वक्ररेषेवरचा बिंदु असतो. मध्याऐवजीं तृतीयांश, चतुर्थांश असे भाग घेत गेल्यास त्या वक्ररेषेचे हवे तितके बिंदु सांपडतात. म्हणजे संबंध वळण साठविण्यास चार बिंदूंचे आंकडे पुरतात. आज छपाईसाठीं संगणक जीं देवनागरी अक्षरें रेखाटतो, त्यांची वेलांटी आणि मात्राहि अशाच बिंदूंवर उभी असते.

आकार एकदां अंकांत सांगतां आला, म्हणजे तो यंत्रालाहि सांगतां येतो. १९५२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेनें भोंकें पाडलेल्या फितीवरील आंकडे वाचून धातु कोरणारें यंत्र दाखविलें. अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत जा, इतक्या वेगानें जा, हत्यार इतकें खोल उतरव, अशा त्या आज्ञा होत्या. आजचीं यंत्रेंहि मूलतः याच भाषेंत बोलतात. संगणकावर आकार ठरवावा, त्याच्या आज्ञा तयार कराव्या आणि यंत्रानें त्या पाळून वस्तु घडवावी, या सर्व पद्धतीस डिजिटल फॅब्रिकेशन किंवा अंकीय निर्मिति म्हणतात. आरंभीं हीं यंत्रें विमानांच्या कारखान्यांपुरतीं होतीं. आज त्यांचीं लहान भावंडें मेजावर मावतात.

येथें रचनाकाराचा संबंध येतो. वस्तूचें रूप आणि उपयोग आधीं मनांत व कागदावर ठरविणारा तो रचनाकार. शहरांत त्याला डिझायनर म्हणतात. कारखान्यांचें युग आल्यापासून रेघ ओढणारा एकीकडे आणि वस्तु घडविणारा दुसरीकडे, अशी ताटातूट झाली. रचनाकारानें चित्र पाठवावें आणि वस्तु कोठें तरी दूर, त्यानें कधीं न पाहिलेल्या हातांनीं बनावी, हा क्रम पडला. म्हणून अलीकडे पुष्कळ रचनाकार पोटापाण्याचें काम संभाळून, कोणी सांगितलें नसतां, स्वतःच्या हौसेनें हीं यंत्रें आणि संगणकाच्या आज्ञा लिहिण्याची विद्या शिकूं लागले आहेत. या हौसेंतून त्यांना काय मिळतें, हें एका कल्पित उदाहरणावरून नीट समजेल.

समजा, एखाद्या रचनाकारानें आगरदांड्यास राहून एक दिवा बनविण्याचें मनांत आणलें. खाडीला भरती येत जाईल तसा दिवा उजळत जावा, ओहोटी लागली कीं मंद व्हावा, एवढीच कल्पना. दिव्याला खालीं लांकडी बैठक, मध्यें प्लायवुडची पेटी, वर प्लास्टिकची झांकणी आणि आंत प्रकाश कमीजास्त करणारें एक लहान विद्युत्‌मंडल हवें.

पेटीपासून आरंभ करूं. पातळ प्लायवुड कापण्यास लेसर उत्तम. तीव्र प्रकाशकिरण अंकांच्या आज्ञेप्रमाणें फिरतो आणि लांकूड जाळीत पुढें सरकतो. पेटीच्या कडांना एकमेकांत अडकणारे दांत व खांचा ठेवल्या तर खिळ्यांची गरज पडत नाहीं. चित्रांत दांत दहा मिलिमीटरांचा आणि खांचहि दहाचीच. प्रत्यक्षांत मात्र पेटी खिळखिळी होते. कारण किरणालाहि जाडी असते. तो ०.२ मिलिमीटर रुंदीचें लांकूड जाळून टाकीत असेल, तर दांत ९.८ चा उरतो, खांच १०.२ ची होते आणि दोहोंमध्यें ०.४ मिलिमीटरांची फट पडते. शिवाय तीन मिलिमीटरांचें म्हणून घेतलेलें प्लायवुड मोजल्यावर २.८ च भरतें. सुताराला ही गोष्ट करवत हातीं धरल्या दिवसापासून ठाऊक असते. चित्र काढणाऱ्याला ती येथें प्रथम कळते. त्याच वेळीं दुसरीहि एक गोष्ट शिकावी लागते. पीव्हीसी जातीचें प्लास्टिक लेसरखालीं कधींहि घालूं नये. त्यांतून निघणारा विषारी वायु माणसाच्या फुप्फुसांना आणि यंत्राच्या धातूला दोहोंनाहि घातक असतो.

बैठकीसाठीं जाड लांकूड कोरणारें राउटर नांवाचें यंत्र लागतें. त्याचें गरगर फिरणारें हत्यार गोल असतें, म्हणून आंतला कोपरा त्याला कधींच काटकोनांत कापतां येत नाहीं. तेथें गोलाई राहते आणि चौकोनी खुंटी आंत बसत नाहीं. यावर दोन उपाय आहेत. कोपऱ्यांत कानासारखें जास्तीचें गोल भोंक पाडून ठेवावें, किंवा सरळ पटाशी घेऊन कोपरा हातानें साफ करावा. अनुभवी माणसें पुष्कळदां दुसराच उपाय पत्करतात.

झांकणीसाठीं थ्रीडी प्रिंटर वापरतां येतो. मराठी घरांत हें यंत्र समजावून देण्यास चकलीचा सोऱ्या पुरेसा आहे. पावणेदोन मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची तार सुमारें दोनशें अंश सेंटिग्रेड उष्णतेनें वितळते, अर्ध्या मिलिमीटरहूनहि बारीक भोंकांतून बाहेर पडते आणि थरावर थर चढत जातो. थराची जाडी ०.२ मिलिमीटर धरली तर दहा सेंटिमीटर उंचीच्या झांकणीस पांचशें थर होतात. या यंत्राचेहि स्वभाव आहेत. खालीं आधार नसतां फार बाहेर झुकणारा भाग ओघळतो. आणि दोन थरांमधील सांधा कच्चा असल्यामुळें वस्तु थरांच्या रेषेंत लवकर तुटते, जसें लांकूड रेषांच्या दिशेनें सहज चिरतें. या पद्धतीचें मूळ पेटंट २००९ सालीं संपलें. त्यापूर्वींच, २००५ पासून, इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या एड्रियन बोयर यांनीं स्वतःचे बरेच भाग स्वतःच छापणारें यंत्र करण्याचा उपक्रम आरंभून त्याचे नकाशे सर्वांना खुले केले होते. या दोन गोष्टींनीं हें यंत्र घरगुती किंमतींत आलें.

आतां आज्ञावलीकडे वळूं. प्लायवुडची जाडी २.८ निघाली, तेव्हां चित्रांतील प्रत्येक खांच हातानें बदलावी लागली तर रचनाकार मेटाकुटीस येईल. पण पेटीचें चित्रच त्यानें आज्ञांच्या रूपानें लिहिलें असेल, आणि ‘जाडी’ व ‘कापाची रुंदी’ हीं दोन मापें एकदांच वर मांडून ठेवलीं असतील, तर दोन आंकडे बदलतांच सर्व दांत व खांचा आपोआप नव्या मापाच्या होतात. रचनाकारांसाठींच म्हणून सोपी केलेली ‘प्रोसेसिंग’ ही भाषा २००१ सालीं अमेरिकेंत केसी रीस आणि बेन फ्राय यांनीं निर्माण केली. इटलींतील इव्रेआ येथील रचनाशिक्षणाच्या संस्थेंतून २००५ सालीं आर्डुइनो हें लहानसें, स्वस्त मंडल निघालें. त्याला आज्ञा लिहून दिल्या कीं तें दिवे, मोटारी आणि मापक चालवितें. भरतीच्या दिव्याच्या पोटांत बसवावयाचें तें हेंच.

त्याला आज्ञा मात्र काय द्यावी? येथें कोंकणचें जुनें गणित धांवून येतें. भरतीची वेळ काढण्याची लोकांची एक रीत आहे: तिथीची पाऊणपट करावी, येईल तो आंकडा पूर्ण भरतीच्या तासाचा. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. ही संगणकाच्या दृष्टीनें एका ओळीची आज्ञावलीच आहे. तिथि काढणेंहि फारसें अवघड नाहीं. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा, एखाद्या माहीत असलेल्या अमावास्येपासून दिवस मोजून मासाचे तीस भाग केले, कीं स्थूल मानानें तिथि मिळते. पहिल्याच संध्याकाळीं दिवा चालूं लागतो.

आणि पहिल्याच पंधरवड्यांत तो चुकूं लागतो. पंधरा तिथींत भरतीची वेळ सुमारें बारा तासांनीं पुढें सरकते. पाऊण तासाच्या हिशेबानें सव्वा अकराच तास होतात. तोंडीं हिशेब करणाऱ्या माणसाला एवढी तफावत चालते, कारण त्याच्यासमोर समुद्र असतो. यंत्रासमोर समुद्र नसतो. मग रचनाकाराला खोलांत शिरावें लागतें. चंद्राच्या ओढीनें येणाऱ्या भरतीची फेरी सुमारें बारा तास पंचवीस मिनिटांची, सूर्याच्या ओढीची बरोबर बारा तासांची. या दोन लाटा अमावास्येच्या व पौर्णिमेच्या सुमारास एकमेकींवर चढतात, तेव्हां उधाण येतें. अष्टमीच्या सुमारास त्या एकमेकींना खोडतात, तेव्हां भांगाची भरती येते. उधाणाला आणि भांगाला सारखाच उजळणारा दिवा खोटा ठरतो. म्हणून आज्ञावलींत एकीऐवजीं दोन लाटांची बेरीज लिहावी लागते. त्यांतहि किनाऱ्याचा आकार आणि पाण्याची खोली यांमुळें प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते. भारतीय सर्वेक्षण विभाग प्रमुख बंदरांसाठीं भरती-ओहोटीचीं कोष्टकें प्रसिद्ध करतो. परंतु खाडीच्या आंतील एका धक्क्याचा नेमका फरक जाणण्यास खुणा केलेली काठी पाण्यांत रोवून पंधरा दिवस नोंद ठेवणें, आणि तेथील खलाशांना विचारणें, याहून बरा मार्ग नाहीं. तो फरक ‘उशीर’ या नांवानें आज्ञावलींत गेला, म्हणजे दिवा आगरदांड्याचा झाला.

या सर्व खटपटीचें फळ एक दिवा, एवढेंच पाहिलें तर ती महाग पडली असें कोणी म्हणेल. बाजारांत याहून सुबक दिवा थोडक्या पैशांत मिळतो. पण रचनाकाराच्या हातीं आलें तें निराळें आहे. चित्र आणि वस्तु यांमधील जें अंतर पूर्वी दुसऱ्याच्या अंगावर पडत असे, तें त्यानें स्वतः चालून पाहिलें. लांकडाची खरी जाडी, हत्याराची गोलाई, थरांचा कच्चेपणा आणि समुद्राचा उशीर यांपैकीं एकहि गोष्ट संगणकाच्या पडद्यावर दिसत नव्हती. यंत्र आज्ञा तंतोतंत पाळतें, म्हणूनच आज्ञा देणाऱ्याचें अज्ञान तें झांकीत नाहीं. जुना सुतार नकाशांतील चूक न बोलतां सुधारून घेई. हें यंत्र चूकहि काळजीपूर्वक कापून देतें.

ही विद्या केवळ शहरी हौसेची नव्हे, याचें मोठें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. हिंदुस्थान लिव्हर कंपनींतील संशोधकाचें काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्यांत, पाबळ या अवर्षणग्रस्त गांवीं विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या मुलांनीं प्रत्यक्ष काम करीत विज्ञान शिकावें, आणि तें काम गांवाच्या गरजेचें असावें, ही त्यांची शिक्षणपद्धति. तिकडे मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेंत प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड १९९८ पासून ‘जवळजवळ कांहींहि कसें बनवावें’ हा अभ्यासक्रम शिकवीत होते. त्यांतून लेसर, राउटर आणि विद्युत्‌मंडलें करण्याचीं साधनें एकाच छपराखालीं असलेल्या लहान कर्मशाळेची, म्हणजे फॅब लॅबची, कल्पना निघाली. त्या संस्थेबाहेर अगदीं आरंभीं जेथें अशी कर्मशाळा उभी राहिली, त्या ठिकाणांत पाबळ होतें; तें साल २००२. दूध तपासणें, डिझेल इंजिनाची जुळणी करणें, असे गांवचे प्रश्न तेथें या साधनांपुढें ठेवले गेले. डॉ. कलबाग २००३ सालीं निवर्तले. आश्रमाचें काम पुढें चालू राहिलें. आज अशा कर्मशाळा शंभराहून अधिक देशांत पसरल्या आहेत.

या कर्मशाळांच्या जाळ्यांतून फॅब अकॅडमी हा अभ्यासक्रम चालतो. शिकणारा दर आठवड्यास एक नवें तंत्र हाताळतो आणि शेवटीं सर्व तंत्रें एकत्र आणून स्वतःच्या मनची एक वस्तु पुरी करतो. त्यांतील एक नियम विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. काय केलें, काय फसलें आणि कसें सुधारलें, याची उघडी नोंद प्रत्येकानें ठेवलीच पाहिजे. त्यामुळें एकाची चूक दुसऱ्या गांवच्या माणसाच्या उपयोगी पडते. या सवयीचें मोल २०२० सालीं दिसून आलें. महामारींत दवाखान्यांना चेहऱ्यावरील पारदर्शक ढाली मिळेनात, तेव्हां मुंबईच्या मेकर्स असायलम या कर्मशाळेनें आपला नकाशा खुला केला. देशांतील अनेक शहरांतील लहान कर्मशाळांनीं तो उतरवून घेऊन ४९ दिवसांत सुमारें दहा लक्ष ढाली तयार केल्या. एकहि मोठा कारखाना त्यासाठीं उभारावा लागला नाहीं.

तरी या विद्येवरचे आक्षेप पोकळ नाहींत. नव्या प्रिंटरवर पहिल्या महिन्यांत जें निघतें, त्यांतील पुष्कळसें कचऱ्याच्या डब्यांत जातें. तें प्लास्टिक सहजासहजीं कुजतहि नाहीं. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. कोंकणांत लांकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्या घेत आहेत. फायबरची होडी सांच्यांतून निघते. एक सांचा झाला कीं तीच होडी पुनः पुनः. एखाद्या कसबी कारागिराची होडी मोजून तिचीं वळणें अंकांत उतरविणें आज शक्य आहे. पण तसें केल्यावर तीं वळणें कोणाचीं? ज्याच्या नजरेनें तीं ठरविलीं त्याचीं, कीं ज्याच्या संगणकांत तीं सांठविलीं त्याचीं? कारागिराला न विचारतां, त्याचें नांव न लावतां, केवळ आकार उचलणें हें सफाईनें केलेलें अपहरणच होय. उलट, कारागीर स्वतः यंत्राजवळ बसला, ही फांसळी येथें कां जाड ठेवली हें त्यानें सांगितलें आणि तें मापाबरोबर नोंदलें गेलें, तर नजरेबरोबर नाहींशी होणारी विद्या पुढच्या पिढीस मिळूं शकेल. यंत्र दोन्ही गोष्टी सारख्याच सफाईनें करतें. निवड माणसाची आहे.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांपुढें हा प्रश्न लवकरच घरगुती रूपानें येतो. २०१६ पासून नीति आयोगाच्या योजनेंतून देशांतील हजारों शाळांत अटल टिंकरिंग लॅब निघाल्या असून थ्रीडी प्रिंटर आणि विद्युत्‌मंडलें मुलांच्या हातीं आलीं आहेत. शाळेंत पाहिलेलें यंत्र घरींहि हवें, असा हट्ट मुलें धरतात. तो मोडूं नये. पण क्रम संभाळावा. आधीं पुठ्ठा, कातर आणि फूटपट्टी द्यावी. दांत-खांचांची पेटी पुठ्ठ्याची करवून घ्यावी. चार बिंदूंची वक्ररेषा हातानें काढूं द्यावी. मग संगणकावर तीच रेषा काढणारी आज्ञा लिहूं द्यावी; त्यासाठीं लागणाऱ्या चांगल्या भाषा विनामूल्य मिळतात. यंत्र त्यानंतर, आणि तेंहि शक्य तर सामाईक कर्मशाळेंतलें, जेथें चुका पाहणारा दुसरा कोणी शेजारीं असेल. सुटींत कोंकणांत जाणें झालें, तर पंचांग बरोबर घ्यावें, तिथीची पाऊणपट करावी, आणि त्या वेळीं मुलांना धक्क्यावर नेऊन पाणी कोठवर आलें तें त्यांच्याकडूनच मोजून घ्यावें.